दोन वकार

अंगणांत आजोबांनीं द्राक्षाची वेल लाविली आहे, असें नातीनें पाहुण्यांस इंग्रजींत सांगितलें. मात्र तिच्या मुखांतून ‘व्हाइन’ऐवजीं ‘वाइन’ बाहेर पडलें आणि नाशिककर ब्राह्मणाच्या अंगणांत वेलीचें मद्य झालें! सर्व हंसले. त्या दिवसापासून पोर इंग्रजी बोलेना. दोष तिचा नव्हे. पहिले धडे मींच दिले होते.

आपले वैयाकरण वकारास दंतोष्ठ्य म्हणतात. परंतु मराठी बोलतांना दांत ओठाशीं जेमतेम येतात, घर्षण होत नाहीं. इंग्रजींत वकार दोन. पहिल्यांत वरचे दांत खालच्या ओठावर टेकून वारा घांसत बाहेर पडतो. दुसऱ्यांत ओठ शीळ घालतांना होतात तसे गोल होतात. दांतांचा संबंध नाहीं. आपला वकार दोहोंच्या मध्यें पडतो, म्हणून ऐकणारास घोटाळा होतो. पहिल्यासाठीं आपण ‘व्ह’ लिहितों. पण त्यांतील हकार केवळ खूण आहे, उच्चारावयाचा नाहीं.

यांत लाज कसली? ‘थिंक’मधील जो आद्य ध्वनि आपणांस साधत नाहीं, तो आइसलंडच्या लोकांस घरचाच; पण झेडच्या जागीं ते ‘स’ म्हणतात. आपल्या ‘जरा’मधील जकार मात्र त्या झेडचा शेजारी!

हल्लीं परवचा म्हणून झाल्यावर आम्ही आजोबा-नात आरशापुढें दोन्ही वकार घोळवितों. काल तिनें माझीच चूक काढिली. मीं ती आनंदानें सुधारिली.