तेराव्यानंतरचे सांत्वन

चंद्रपूरचे खासदार सुरेश उपाख्य बाळू धानोरकर यांचे ३० मे २०२३ रोजी पहाटे दिल्ली परिसरातील रुग्णालयात निधन झाले. वयाची पन्नाशीही त्यांनी गाठली नव्हती. तीनच दिवसांपूर्वी त्यांचे वडील निवर्तले होते आणि रुग्णशय्येवरील मुलाला पित्याच्या अंत्यसंस्कारालाही उपस्थित राहता आले नव्हते. एकाच घरावर एकाच आठवड्यात असा दुहेरी आघात झाला. त्या घरातील स्नुषा आणि धानोरकरांच्या पत्नी प्रतिभाताई या त्या वेळी वरोऱ्याच्या आमदार होत्या.

धानोरकर हे मूळचे शिवसेनेचे. २०१९ मध्ये काँग्रेसच्या उमेदवारीवर त्यांनी तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री हंसराज अहीर यांचा पराभव केला आणि महाराष्ट्रातून काँग्रेसचे ते एकमेव खासदार ठरले. तरीही त्यांच्या निधनानंतर पंतप्रधानांपासून राज्यातील सत्ताधारी नेत्यांपर्यंत सर्वांनी शोक व्यक्त केला. पुढे २० जुलै रोजी पावसाळी अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी लोकसभेनेही त्यांना श्रद्धांजली वाहिली. हे उचितच झाले. सार्वजनिक जीवनात शिष्टाचाराला मोल असते. संदेशातील शब्द ठरावीक असतील, पण ते पाठवलेच गेले नाहीत तर समाज अधिक रुक्ष होईल.

मृत्यूपाशी वैर संपते, हा या भूमीचा जुना संस्कार आहे. रावणवधानंतर प्रभू रामचंद्रांनी बिभीषणाला हेच सांगितले आणि भावाचे अंत्यसंस्कार यथाविधी करण्याची आज्ञा दिली. त्याच रामायणात वालीच्या पत्नीची, तारेची कथा आहे. रामाने शोकाकुल तारेचे सांत्वन केले. पण तारेची कथा अश्रूंपाशी थांबत नाही. पुढे संतप्त लक्ष्मण किष्किंधेत आला, तेव्हा त्याला शांत करण्याचे अवघड काम तारेनेच केले. पतीच्या निधनानंतरही तिचे शहाणपण आणि तिचा अधिकार समाजाने मानला. सांत्वनाचा खरा अर्थ येथे उमगतो. दुःखितेला दया नको असते, तिचे स्थान अबाधित आहे याची ग्वाही हवी असते.

आजच्या राजकारणात नेमके काय घडते? चितेची राख निवण्यापूर्वीच रिक्त जागेची गणिते मांडली जातात. पुण्यात गिरीश बापट यांच्या निधनानंतर अवघ्या काही दिवसांत ‘भावी खासदार’ म्हणून शुभेच्छा देणारे फलक झळकले होते. त्यावर टीका झाली आणि ती रास्तच होती, कारण हा दोष एका पक्षाचा नाही, संस्काराच्या विस्मरणाचा आहे. उलट अंधेरीत आमदार रमेश लटके यांच्या निधनानंतर २०२२ मध्ये झालेल्या पोटनिवडणुकीत भारतीय जनता पक्षाने आपला उमेदवार मागे घेतला आणि ऋतुजा लटके यांचा मार्ग मोकळा झाला. आर. आर. पाटील यांच्या पश्चात २०१५ मध्ये तासगावातही प्रमुख पक्षांनी सुमनताईंसमोर उमेदवार दिला नव्हता. मात्र इतर अनेक ठिकाणी अशी निवडणूक हिरिरीने लढवली गेली. म्हणजे सौजन्याचाही निश्चित नियम नाही. ज्या त्या वेळच्या सोयीवर ते अवलंबून राहते.

चंद्रपुरात तर पोटनिवडणूकच झाली नाही. सभागृहाने श्रद्धांजली वाहिली, पण दिवंगत सदस्याच्या मतदारांना सुमारे वर्षभर लोकसभेत प्रतिनिधीच मिळाला नाही. २०२४ मध्ये सार्वत्रिक निवडणूक आली. प्रतिभाताई उमेदवार झाल्या आणि सुधीर मुनगंटीवार यांच्यासारख्या मातब्बर नेत्याचा त्यांनी अडीच लाखांहून अधिक मतांनी पराभव केला. राजकीय मतभेद बाजूला ठेवून हे मान्य केले पाहिजे की एवढे मताधिक्य केवळ सहानुभूतीवर मिळत नाही. ज्यांनी त्यांना ‘दिवंगत नेत्याची पत्नी’ एवढ्याच चौकटीत पाहिले, त्यांचा अंदाज चुकला.

या जिल्ह्याला हा प्रसंग नवा नाही. मूल तालुक्यातील मारोडा येथे जन्मलेले आणि उमेदीच्या काळात वृत्तपत्रे विकून गुजराण करणारे मारोतराव कन्नमवार नोव्हेंबर १९६२ मध्ये राज्याचे मुख्यमंत्री झाले. वर्ष उलटते न उलटते तोच २४ नोव्हेंबर १९६३ रोजी त्यांचे निधन झाले. पदावर असताना मृत्यू आलेले महाराष्ट्राचे ते एकमेव मुख्यमंत्री. त्यांच्या पत्नी गोपिकाबाई १९६४ च्या पोटनिवडणुकीत चांद्याहून लोकसभेवर गेल्या. साठ वर्षांच्या अंतराने एकाच भूमीतल्या दोन पत्नींच्या वाट्याला जवळपास सारखाच प्रवास आला.

परंतु या दोघींच्या मागे नाव होते, पक्ष होता. वैनगंगा ओलांडून गडचिरोलीच्या अरण्यात शिरले की दुसरेच चित्र दिसते. १९८२ मध्ये जुन्या चंद्रपुरातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात माओवाद्यांनी कित्येक सरपंच, पोलीस पाटील आणि पक्षांचे स्थानिक कार्यकर्ते मारले. रात्री घरातून उचलायचे आणि सकाळी रस्त्यावर मृतदेहाशेजारी ‘पोलिसांचा खबऱ्या’ असे लिहिलेले पत्रक टाकायचे, ही त्यांची रीत. २०१२ च्या सुमारास दहशतीपोटी अनेक लोकप्रतिनिधींनी पदांचे राजीनामे दिले.

भामरागड वा एटापल्लीच्या एखाद्या पाड्यात अशा कार्यकर्त्याची पत्नी एकटीच रडते. भीतीमुळे शेजारीही ओसरीवर येत नाहीत. पतीच्या नावावर लावलेला कलंक पुसण्याची सोय तिच्याजवळ नसते. लेकरे घेऊन ती तालुक्याच्या गावी आश्रयाला जाते. सानुग्रह साहाय्याची तरतूद आहे आणि ते दिलेही जाते. पण तिचा पती लोकशाहीसाठी मरण पावला, तो कुणाचा हेर नव्हता, हे शासनाने तिच्या गावात, तिच्या लोकांसमोर उभे राहून सांगितले पाहिजे. तिच्यासाठी तोच खरा शोकप्रस्ताव होय.

ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा ज्येष्ठ नेता भूपती आपल्या साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शरण आला. हिंसेचा मार्ग सोडणाऱ्यांचे पुनर्वसन व्हावे, हे शहाणपणाचेच आहे. त्याच वेळी ज्यांच्या गोळ्यांनी घरे उजाड झाली त्यांना सन्मान आणि ज्यांची घरे उजाडली त्यांना विस्मृती, असे चित्र निर्माण होऊ नये. शरण आलेल्याला घर देताना त्या विधवेच्या घरी कोण गेले, हा प्रश्न प्रशासनाने आणि समाजानेही स्वतःला विचारायला हवा.

शासन संदेश धाडू शकते, धनादेश देऊ शकते. ओसरीवर जाऊन बसणे मात्र समाजाचेच काम. तेरावे झाले की मांडव उतरतो, पाहुणे परततात आणि दूरध्वनी थांबतात. खरे सांत्वन त्यानंतर सुरू होते. मुलांची शाळा, शेतीचा सातबारा, अडलेले निवृत्तिवेतन आणि गावात ताठ मानेने वावरण्याचा अधिकार यांतून ते व्यक्त होते. खासदाराच्या पत्नीला जो आदर मिळाला, तो पाड्यावरच्या सरपंचाच्या पत्नीलाही मिळेल, त्या दिवशी राज्याचा शोक केवळ शिष्टाचार उरणार नाही.