तलावाचं पाणी फिरतं ठेवा

बेंगळुरूत ज्यांच्या घरामागे छोटा स्विमिंग पूल आहे, किंवा सोसायटीच्या पूलची जबाबदारी ज्यांच्या गळ्यात पडली आहे, त्यांना एक विनंती. पाणी हिरवट दिसलं की ते गटारात सोडून टँकर मागवू नका. 8 मीटर लांब, 4 मीटर रुंद आणि सरासरी 1.4 मीटर खोल तलाव धरला, तरी त्यात जवळपास 45,000 लिटर पाणी असतं. या शहरात कावेरीचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून, टीके हळ्ळी, हारोहळ्ळी, तातगुणी असं टप्प्याटप्प्याने वर चढवून आणावं लागतं. मार्च 2024 मध्ये टंचाई इतकी वाढली की पाणीपुरवठा मंडळाने तलावासाठी पिण्याचं पाणी वापरायलाच बंदी घातली आणि मोडणाऱ्याला 5,000 रुपये दंड लावला. तेव्हा असलेलंच पाणी टिकवायला शिकलं पाहिजे.

पाणी बिघडलं की आपण क्लोरीन वाढवतो. पण बहुतेक वेळा पाणी एका जागी साचून राहिलेलं असतं. पायऱ्यांचा कोपरा, शिडीची मागची बाजू, उथळ टोक या जागा बोटाने चाचपून बघा. बुळबुळीत लागल्या तर तिथे पाणी पोचत नाहीये. फिल्टर झालेलं पाणी ज्या तोट्यांतून परत येतं, त्यांची तोंडं फिरवता येतात. ती सगळी एकाच दिशेला, किंचित तिरकी वळवा, म्हणजे तलावभर पाणी गोल फिरू लागतं आणि वरचा कचरा आपसूक स्किमरकडे जातो. बुळबुळीत कोपऱ्याजवळची एखादी तोटी खाली झुकवा. जमलं की नाही हे पाहायचं तर पंप चालू असताना मूठभर पाकळ्या टाका आणि दहा मिनिटं नुसतं बघत राहा. त्या जिथे घुटमळतील, तिथे काम बाकी आहे.

पाण्याची पातळी स्किमरच्या तोंडाच्या साधारण मध्यावर हवी. खाली गेली तर पंप हवा ओढतो, फार वर गेली तर पानं तोंडावरून निघून जातात. वाऱ्याचीही दखल घ्या. इथे पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, तेव्हा कचरा पूर्वेच्या कडेला गोळा होतो. थंडीत बरोबर उलटं. बिल्डरने स्किमर भलत्याच बाजूला बसवला असेल (बसवतातच), तर तोट्यांच्या जोराने कचरा तिकडे ढकलावा लागेल.

पंप किती वेळ चालवायचा? सगळं पाणी एकदा फिल्टरमधून जायला सहा ते आठ तास लागतील, असा पंप आणि फिल्टर साधारणपणे बसवलेला असतो. तेवढा वेळ रोज द्या. विजेच्या बिलाला घाबरून दोन तासांवर आणलेला पंप पुढे क्लोरीनचा खर्च वाढवतो. काट्याचा टायमर असेल तर करंट गेला तेवढा वेळ तो मागे पडतो, आणि पहाटेचा पंप भर दुपारी सुरू होतो. आठवड्यातून एकदा तो घड्याळाशी जुळवून घ्या.

आता कचरा. हे झाडांचं शहर आहे, त्याची किंमत मोजावी लागते. फेब्रुवारी-मार्चला टॅबेबुइयाची गुलाबी फुलं पडतात, ओली झाली की स्किमरच्या टोपलीत लगदा होऊन बसतात. त्यामानाने ती बरी. हाताने काढता येतात. खरा त्रास गुलमोहराचा. त्याची बारीक पानं टोपलीच्या भोकांतून सरळ पंपात जातात. टोपलीवर जुना नायलॉनचा पायमोजा चढवा, ती त्यात अडकतात. मोजा रोज झटकला नाही तर पाण्याचा ओढा कमी होतो, एवढं ध्यानात ठेवा. पान तरंगत असताना काढणं दोन मिनिटांचं काम आहे. तळाला जाऊन कुजलं की ते क्लोरीन खातं आणि फरशीवर तपकिरी डाग सोडतं. म्हणून एप्रिल-मेच्या संध्याकाळच्या वादळानंतर आधी जाळी मारा, टोपल्या रिकाम्या करा, मग पंप, आणि औषध सगळ्यांत शेवटी. पीएच 7.2 ते 7.6 आणि क्लोरीन 1 ते 3 पीपीएम असलं की पुरे.

वाळूच्या फिल्टरचा बॅकवॉश दर रविवारी करायची पद्धत सोडा. स्वच्छ असतानाचा दाब मीटरवर बघून भिंतीवर लिहून ठेवा. त्यापेक्षा 8 ते 10 पीएसआय वाढला तरच बॅकवॉश करा. काचेत पाणी नितळ दिसलं की थांबा. मिनिटाला 125 लिटरचा पंप धरला तर तीन मिनिटांत 375 लिटर जातात. हे पाणी पिंपात धरून दोन दिवस उघडं ठेवा, क्लोरीन उडून जाईल, मग मोठ्या झाडांना घाला.

एक काम मात्र आजच करा: पंप बंद करून तळाच्या झाकणाचे स्क्रू तपासा. तिथला ओढा लहान मुलाचे केस किंवा हात धरून ठेवण्याइतका असतो. झाकण हलत असेल, तडकलेलं असेल, तर नवं बसेपर्यंत पंप बंद आणि तलावात कोणी उतरायचं नाही. तशी चिठ्ठी कन्नडमध्येही लिहून वॉचमनकडे द्या.