सातबाऱ्यावर जात लिहीत नाहीत

बारामतीहून इंदापूरच्या रस्त्याला लागलं की पिंपळी, काटेवाडी, भवानीनगर असा उसाचा पट्टा सुरू होतो. इथं जातीचा विषय काढला की उत्तर ठरलेलं असतं : ‘आमच्याकडं तसलं काही नाही. एका पंगतीला जेवतो आम्ही.’ बोलणारा खोटं बोलत नसतो. पंगत एक झालेली असते, पाणवठाही एक झालेला असतो. तो आपसूक झाला नाही, हे मात्र तो विसरतो. बाबा आढाव आणि त्यांचे सोबती ‘एक गाव एक पाणवठा’ म्हणत गावोगाव हिंडले तेव्हा स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली होती. आणि गावात जात उरली की नाही याचा दाखला आपण मराठ्यांनी, माळ्यांनी, ब्राह्मणांनी द्यायचा, हे कुठल्या न्यायानं? तो दाखला दलित वस्तीतून यायला हवा.

‘आम्ही वारकरी, आमच्यात भेद कसला?’ असंही म्हणतात. तुकोबांची पालखी याच रस्त्यानं जाते. काटेवाडीत परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो, मेंढ्यांचं रिंगण होतं, डोळ्यांत पाणी येतं. पण पंढरपूरच्या विठ्ठलाचं दार अस्पृश्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषणाला बसावं लागलं. शेकडो वर्षांच्या वारीनं ते दार उघडलं नव्हतं.

सगळ्यांत जोरकस वाटणारा मुद्दा घामाचा. ‘आम्ही जे मिळवलं ते कष्टानं, ते तर सरकारचे जावई.’ कष्ट कोण नाकारतो? पण कष्ट कशावर केले, तेही पाहू. १८८५ च्या सुमारास नीरा डाव्या कालव्याचं पाणी या भागात खेळू लागलं. पाणी मिळालं ते जमीनवाल्याला. जमिनीत ऊस आला. ऊस होता म्हणून कारखान्याचं सभासदत्व मिळालं. सभासदत्व म्हणजे मत, मतातून संचालक, संचालकाच्या ओळखीतून पोराला कारखान्यात नाही तर शिक्षणसंस्थेत चिकटवणं. या साखळीतली एकही कडी बेकायदा नाही. म्हणूनच ती दिसत नाही.

आता दुसऱ्या बाजूला या. महारांकडं जमीन होती ती वतनाची, हाडकी-हाडोळ्याची, आणि तिच्या बदल्यात साऱ्या गावाची आणि सरकारची वेठ. ती गुलामी मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक आणलं. वतनं प्रत्यक्षात गेली ती १९५८ च्या कायद्यानं, तीस वर्षांनी. जमीन परत मिळाली तीही नव्या शर्तीवर, विकायची तर कलेक्टरची परवानगी. तोवर शेजारच्या शिवारात कालव्याच्या पाण्यावर दोन-तीन पिढ्या शिकून गेल्या होत्या. सातबाऱ्यावर जात लिहीत नाहीत, पण दोन आळ्यांचे उतारे शेजारी ठेवले तर ती वाचता येते. जावई कोण, हे मग ज्यानं त्यानं ठरवावं.

‘आमच्यातही गरीब आहेत.’ आहेत, पुष्कळ आहेत. कोरडवाहू मराठ्याचं दुःख मी लहान म्हणणार नाही. तरी त्याच्या भावकीत कुणीतरी सोसायटीवर असतो, अडीअडचणीला जामीन मिळतो, शहरात खोली बघायला गेला तर आडनाव ऐकून मालक ‘खोली कालच गेली’ म्हणत नाही. गरिबी दोघांची, ही वरची झळ एकाचीच.

अ‍ॅट्रॉसिटीच्या ‘गैरवापरा’बद्दल थोडक्यात. खोटी फिर्याद कुठल्याही कायद्यात होते, म्हणून कुणी चोरीचं कलम काढा म्हणत नाही. खर्ड्याच्या नितीन आगे या दलित मुलाचा २०१४ मध्ये खून झाला, २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. त्या निकालावर आपल्या पारावर किती वेळ चर्चा झाली, आणि गैरवापरावर किती?

राहता राहिलं, ‘वाडवडिलांचं पाप आमच्या माथी का?’ पाप कुणी मागतच नाही. पण वारसानं जमीन नावावर होते तेव्हा ‘इतर हक्कां’तला बोजाही सोबत येतो. बोजा नको असेल तर जमीनही सोडावी लागते, आणि ती सोडायला कोण तयार आहे?

हा बोजा उतरवण्याचं काम लाभ झालेल्यांचंच, ही कल्पना कुणा परदेशी पुस्तकातून आज आलेली नाही. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती निग्रोंना दास्यातून सोडवण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. गुलामीचा फायदा ज्या समाजाला होता त्यातलीच माणसं उलटली, हे त्यांना पुण्यात बसून दिसलं होतं आणि इथल्यांनी तो कित्ता गिरवावा अशी त्यांची इच्छा होती. महाडच्या सत्याग्रहात १९२७ मध्ये तो काहींनी गिरवलाही. नगराध्यक्ष सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे, मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडणारे गंगाधरपंत सहस्रबुद्धे. ब्राह्मणेतर चळवळीतल्या जेधे-जवळकरांनी सत्याग्रहाला पाठिंबा देण्यासाठी ब्राह्मणांना वगळण्याची अट घातली, ती बाबासाहेबांनी मानली नाही. माणूस कुठल्या जातीत जन्मला यापेक्षा तो काय करतो, हे त्यांनी पाहिलं. आणि त्या मंडळींनीही पुढारपण मागितलं नाही, हे मला जास्त मोलाचं वाटतं. आजचा आपला पुरोगामी १४ एप्रिलला आधी व्यासपीठावरची खुर्ची बघतो.

आपलं काम व्यासपीठावर नाहीच. ते घरात आहे आणि पारावर आहे. महारवाडा-मांगवाडा ही नावं बदलण्याचा निर्णय सरकारनं डिसेंबर २०२० मध्ये घेतला. पाटी बदलली तरी तोंडातलं नाव बदलायला घरातल्याच माणसानं टोकावं लागतं, मग समोर चुलता असो की आजा. मित्राच्या ‘जयभीमवाल्यां’वरच्या विनोदाला हसायचं नाही, इतकंही पुष्कळांना जमत नाही. मुलीनं जातीबाहेरचा मुलगा निवडला की भावकी बैठक बसवते. तिथं उठून बोलणारा भावकीतलाच लागतो, बाहेरच्याला तिथं बोलावतच नाहीत. यात वाईटपणा येतो, सोयरीक तुटते, पुढच्या निवडणुकीत पॅनेलमधून नाव जातं. टिपणिसांनाही महाडात फुलांचे हार मिळाले नव्हते.

ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्चायचे असतात. ग्रामसभेत त्याचा हिशेब मागायला नेहमी वस्तीतलंच एखादं पोरगं उठतं आणि मग गावभर ‘तो लई शहाणा झालाय’ असं होतं. येत्या २६ जानेवारीला त्याच्या आधी आपल्या आळीतल्या कुणीतरी हात वर करावा, आणि उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नये.