गोणीसोबत बाटली कशासाठी?

परवा कृषी केंद्राच्या रांगेत उभा होतो. बातमीसाठी नाही, भावाच्या कपाशीला युरिया हवा होता. दुकानदार म्हणाला, "दोन गोण्या देतो, पण सोबत दोन बाटल्या नॅनो घ्याव्या लागतील." नको म्हटलं तर "मग स्टॉक नाही." पक्की पावती मागितली तर मागचे शेतकरीच म्हणाले, "पत्रकारसाहेब, आमचं खत अडवू नका." गप्प बसलो. बाटल्या घेतल्या. म्हणून हे लिहितोय.

हिशेब करा. ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना. त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे वीस किलोच्या वर. २०२१ला आलेल्या नॅनोच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत ४ टक्के, म्हणजे वीस ग्रॅम. किलो नाही, ग्रॅम! नंतरची २० टक्केवाली धरली तरी शंभर ग्रॅम. आणि जाहिरात काय, तर एक बाटली बरोबर एक गोणी. पानावर फवारलेलं कमी वाया जातं, मान्य. पण वीस किलोची जागा वीस ग्रॅमनं कशी भरणार?

युरिया सोडायलाच नको, असं मी म्हणत नाही. तो नैसर्गिक वायूवर बनतो, आपल्या अलिबागजवळचा थळचा कारखानाही त्यावरच चालतो. वायू बराचसा बाहेरून येतो. सबसिडी वर्षाला लाख कोटींच्या वर. आणि टाकलेल्या नत्रातलं निम्म्याहून जास्त पिकाला लागतच नाही, विहिरीत नायट्रेट होऊन उतरतं नाहीतर हवेत उडतं.

यावर सरकारचं उत्तर हरित अमोनिया. सौर विजेनं पाणी फोडायचं, त्यातला हायड्रोजन घ्यायचा. २०२३ला १९,७४४ कोटींचं हायड्रोजन मिशन मंजूर झालं. चांगलंच आहे. पण एक गोष्ट भाषणात कुणी सांगत नाही. युरियाला अमोनियाबरोबर कार्बन डायऑक्साइडही लागतो आणि आज तो त्याच वायूतून मिळतो. म्हणजे हरित अमोनिया आधी डीएपी आणि मिश्रखतांत जाणार. तुमची गोणी एवढ्यात हिरवी होत नाही.

मग तोवर? तूर-सोयाबीनला रायझोबियम, कपाशीला अ‍ॅझोटोबॅक्टर, रिकाम्या रानात ताग-धैंचा. यात नवीन काही नाही, आपल्या आज्यालाही तागाचं महत्त्व कळत होतं. पण जिवाणूंचं ताजं पाकीट पेरणीआधी मिळतं का? आमच्याकडे मिळालं ते उन्हात तापलेलं, तारीख उलटलेलं. बाटली मात्र बारमाही हजर!

लिंकिंग बेकायदेशीर आहे. तुमच्याकडे चालू असेल तर पावतीचा फोटो कमेंटमध्ये टाका, नाव-नंबर झाकून. सोमवारी सगळे घेऊन तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे जातोय.