औंदा अळी 'लय' आहे म्हणजे नेमकी किती?

पोळा जवळ आला की आपल्या कपाशीच्या पट्ट्यात एकच बोलणं सुरू होतं. 'औंदा अळी लय आहे.' कोणी म्हणतो, 'मागच्या सालापेक्षा कमी आहे गड्या.' कृषी केंद्रावर बसलेला तिसरा एका डोमकळीचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाकतो आणि संध्याकाळपर्यंत पाच गावांत पंप पाठीवर चढतात. जास्त म्हणजे किती आणि कमी म्हणजे किती, हे यातल्या कोणीच मोजलेलं नसतं.

हा प्रश्न साधा वाटतो, पण फवारणीचा सगळा खर्च यावर उभा आहे. आणि खर्चापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे माणसाचा जीव. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. त्या साली पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, किडीची भीती होती, आणि दोन-तीन औषधं एकत्र करून मारणं सुरू होतं. त्याच हंगामाच्या शेवटी गुलाबी बोंडअळीने उरलेला कापूस कवडी करून टाकला. म्हणजे फवारे झाले, माणसं गेली, अन् अळी राहिली ती राहिलीच.

आपल्याला किडींचं साल नुकसानावरून आठवतं. 2008 म्हटलं की सोयाबीनवरची पानं खाणारी अळी, 2017 म्हटलं की गुलाबी, 2018 म्हटलं की मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी. ही लष्करी अळी त्या वर्षी देशात पहिल्यांदा कर्नाटकात सापडली आणि काही महिन्यांत आपल्या राज्यात आली. पण मधली वर्षं? ज्या साली कीड कमी होती ते साल कोणाच्याच ध्यानात नाही. कमी का होती हे समजलं तर फायदा आपलाच आहे, पण त्याची नोंदच नाही.

कपाशीचंच बघा. 2002 मध्ये बीटी आलं तेव्हा आपलं दुखणं हिरवी बोंडअळी होती. ती खरोखर कमी झाली, पहिली काही वर्षं अळीचे फवारेही कमी झाले. मग त्या जागी मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी वाढले. 2006 पासून दोन जनुकांचं बियाणं आलं. पुढच्या आठ-दहा वर्षांत गुलाबी अळी तेही पचवायला शिकली. एक किडा गेला की त्याची जागा रिकामी राहत नाही. हे पंधरा वर्षांत हळूहळू घडलं, आणि गावात कोणाच्या वहीत दर आठवड्याचा आकडा असता तर बोंड फुटायच्या आधी, दोन-तीन हंगाम अगोदर, चढ दिसला असता.

गुलाबीच्या बाबतीत तर मोजल्याशिवाय इलाजच नाही. तिची अंडी चार-पाच दिवसांत फुटतात, बारीक अळी फुलात नाहीतर बोंडात शिरते आणि वरचं छिद्र बुजून जातं. बाहेरून बोंड हिरवंगार दिसतं. आपण म्हणतो 'अळी दिसली', तेव्हा ती औषधाच्या हाताबाहेर गेलेली असते. तिच्या आधी दिसतो तो पतंग, आणि तो पकडायला कामगंध सापळा आहे. एकरी दोन सापळे, पेरणीनंतर साधारण 45 दिवसांनी लावायचे. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग आले तर उपाय करायची वेळ झाली असं धरतात. दुसरी खूण म्हणजे वावरात फिरून 20 हिरवी बोंडं तोडून फोडायची, दोनात अळी सापडली तर दहा टक्के झालं.

आता काही जण म्हणतील, डोळ्याला दिसतं ते का खोटं असते? खोटं नाही, पण डोळा फसतो. 'पहिले दिव्याखाली किड्यांचा खच पडे, आता पडत नाही' असं जुनी माणसं सांगतात. किडे कमी झालेही असतील. पण गेल्या दहा वर्षांत आपले पिवळे बल्ब अन् मर्क्युरी दिवे गेले आणि एलईडी आले. एलईडीत किड्यांना ओढणारा अतिनील उजेड फार कमी असतो, त्यामुळे तिकडे किडे तसेही कमी जातात. दिवा बदलला, मग तुलना कशाची करता? चंद्राचंही तसंच. पौर्णिमेच्या आसपास प्रकाश सापळ्यात किडे कमी पडतात, अमावस्येला जास्त. एका माणसाने पौर्णिमेला बघितलं, दुसऱ्याने अमावस्येला, आणि पारावर भांडण 'तुमच्या वावरात कमी, आमच्या वावरात जास्त' म्हणून! पाऊस पडून गेलेली रात्र अन् कोरडी रात्र यातही फरक पडतो.

म्हणून मोजायचं तर एकाच जागी, एकाच सापळ्यात, ठरलेल्या वारी मोजायचं. कामगंध सापळ्यातली लूर वेळेवर बदलायची, साधारण 20-25 दिवसांनी. लूर जुनी झाली की पतंग येत नाहीत आणि आपल्याला वाटते अळी संपली. हा घोळ गावोगावी आहे. सापळा लावलेला दिसतो, पण आत कोळ्याचं जाळं असते.

आपल्या राज्यात ही मोजणी सरकारी पातळीवर होते. 2008 च्या सोयाबीनच्या फटक्यानंतर क्रॉपसॅप सुरू झालं. ठरलेल्या प्लॉटवर कृषी कर्मचारी आठवड्याला जाऊन किडी मोजतात आणि त्यावरून सल्ले निघतात. योजना चांगली आहे. पण एका कृषी सहायकाकडे किती गावं असतात ते आपण जाणतो, आणि त्यांचा प्लॉट दुसऱ्या गावात, काळ्या जमिनीवर, वेगळ्या पेरणीच्या तारखेचा. धूळपेरणीची पऱ्हाटी लवकर फुलावर येते, पतंग पहिले तिथे जातात. शेजारी फरदड ठेवली असेल किंवा जिनिंग जवळ असेल तर आकडा आणखी चढतो. तालुक्याचा सल्ला बरोबर असूनही तुमच्या धुऱ्याला तो लागू पडेलच असं नाही.

आणि फक्त वैऱ्याला मोजून भागत नाही. ढालकिडे, क्रायसोपा, कोळी, चतुर हे मावा-तुडतुडे खाणारे. पेरणीनंतर पहिले दोन महिने हे जागेवर असले तर मावा पाहून लगेच पंप काढायची गरज नसते. सुरुवातीलाच जहाल औषध मारलं की पहिले हेच मरतात, आणि पांढरी माशी परत येते ती दुप्पट जोराने. तुरीच्या फुलोऱ्यात मधमाश्या किती फिरतात हेही सकाळी पाच मिनिटं एका झाडापाशी उभं राहून मोजता येते. मृगाचा लाल मखमली किडा कमी दिसतो अशी तक्रार सगळीकडे ऐकू येते (तो खरं तर किडा नाही, आठ पायांचा कोळी वर्गातला जीव आहे), पण कुठल्या साली किती दिसला, हे कोणी सांगू शकत नाही.

यासाठी ना अॅप लागते ना अनुदान. शाळेची जुनी वही चालते. तारीख, सापळ्यातले पतंग, 20 बोंडांपैकी किती किडकी, 10 झाडांवर किती ढालकिडे, पाऊस होता की नव्हता. पाच रकाने, आठवड्यातून एक सकाळ. गावात पाच जणांनी वेगवेगळ्या शिवारात असं केलं आणि आकडे गावाच्या ग्रुपवर टाकले, तर डोमकळीच्या फोटोपेक्षा ते जास्त कामाचे. समजा चार वावरांत दोन-तीन पतंग आणि नाल्याकडच्या एकाच वावरात दहा, तर फवारा नाल्याकडे मारायचा, गावभर नाही. मजूर, औषध, पाणी, सगळं वाचतं, आणि पंप पाठीवर घेणाऱ्या माणसाच्या अंगावर तेवढं विष कमी पडतं.

जूनमध्ये लावलेली कपाशी आता पात्यांवर आली आहे. सापळे अजून लावले नसतील तर या आठवड्यात लावा. लूर घेताना ती गुलाबी बोंडअळीचीच आहे का, हे पाकिटावर वाचून घ्या. हिरव्या अळीची लूर लावली तर गुलाबीचे पतंग त्यात येणार नाहीत.