‘शोभेच्या’ राजमुकुटाचे खरे काम

संवैधानिक राजेशाही आणि संघराज्य यांचा मिलाफ हा संसदीय लोकशाहीचा सर्वांत समतोल नमुना होय, असे प्रशस्तिपत्र भांडवली घटनापंडित वारंवार देत असतात. मुकुट केवळ शोभेचा, सत्ता लोकनियुक्त सभागृहाची, आणि संघराज्यामुळे घटकराज्यांचे हितही सुरक्षित, असा त्यांचा दावा असतो. परंतु घटनेची परीक्षा शांततेच्या काळात होत नाही. ती कसोटीच्या प्रसंगी होते. ऑस्ट्रेलियात तो प्रसंग ११ नोव्हेंबर १९७५ रोजी आला आणि त्या एका दुपारी या दाव्याचा मुखवटा गळून पडला.

कागदावरील राज्यव्यवस्था

ऑस्ट्रेलियाची घटना १ जानेवारी १९०१ पासून अमलात आहे. ती मुळात ब्रिटिश पार्लमेंटच्या १९०० सालच्या कायद्याचा भाग. तिच्या कलम ६१ नुसार कार्यकारी सत्ता राजपदाकडे असून गव्हर्नर-जनरल ती राजाच्या वतीने चालवितो. कलम ६४ नुसार मंत्री त्याची मर्जी असेपर्यंतच अधिकारावर राहतात. कलम ६८ नुसार सैन्याचे सरसेनापतिपद त्याच्याकडे आहे. संसदेने केलेला कायदा एका वर्षाच्या आत रद्द करण्याचा राजाचा अधिकार कलम ५९ मध्ये आजही छापलेला आहे. पंतप्रधान या पदाचा मात्र संपूर्ण घटनेत उल्लेखही नाही. पंतप्रधान, मंत्रिमंडळ, बहुमताला बांधील असलेले सरकार ही सारी इमारत केवळ संकेतांवर उभी आहे. संकेत पाळायचे की मोडायचे, हे अखेर शासक वर्ग ठरवितो.

संघराज्याच्या नावाने या रचनेला आणखी एक कुलूप घातलेले आहे. सिनेटमध्ये लहानमोठ्या सर्व घटकराज्यांना समान जागा मिळतात. आज ऐंशी लाखांहून अधिक वस्तीच्या न्यू साउथ वेल्सला १२ आणि सहा लाखांच्या आतबाहेर वस्तीच्या टास्मानियालाही १२. शिवाय या सभागृहाला अर्थविषयक विधेयके दुरुस्त करता येत नसली तरी अडवून धरता येतात. भारताच्या राज्यघटनेतील कलम १०९ नुसार राज्यसभेला धनविधेयक १४ दिवसांत परत करावेच लागते. तसे बंधन सिनेटवर नाही. सरकार बनते एका सभागृहाच्या बहुमताने, आणि त्याची तिजोरी बंद करण्याची किल्ली दुसऱ्याच्या हाती राहते.

एका दुपारची कहाणी

तेवीस वर्षांची प्रतिगामी राजवट संपवून डिसेंबर १९७२ मध्ये गॉफ व्हिटलम यांचे मजूर पक्षाचे सरकार आले. सक्तीची सैन्यभरती त्याने बंद केली, विद्यापीठांतील शुल्क रद्द केले, सार्वत्रिक आरोग्य विमा आणला आणि ऑगस्ट १९७५ मध्ये गुरिंदजी आदिवासींना त्यांच्या जमिनीचा एक भाग परत दिला. हे सरकार समाजवादी नव्हते. परदेशातून कर्ज उभारण्याच्या प्रकरणात त्याच्या मंत्र्यांनी विरोधकांच्या हाती आयते कोलीतही दिले. परंतु खनिज आणि ऊर्जा संपत्तीवर राष्ट्राची मालकी वाढविण्याचा त्याचा मानस भांडवलदारांना सहन होण्यासारखा नव्हता.

प्रथम संकेत मोडले घटकराज्यांनी. १९७५ मध्ये मजूर पक्षाच्या सिनेटमधील दोन जागा रिकाम्या झाल्या. त्याच पक्षाचा माणूस नेमण्याचा संकेत धुडकावून न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँड येथील प्रतिगामी सरकारांनी आपल्या सोयीची माणसे पाठविली. मग १६ ऑक्टोबरपासून सिनेटने खर्चाची विधेयके रोखून धरली. ११ नोव्हेंबरला व्हिटलम अर्ध्या सिनेटच्या निवडणुकीचा सल्ला घेऊन गव्हर्नर-जनरल जॉन केर यांच्याकडे गेले. त्यांच्या हाती बडतर्फीचे पत्र ठेवण्यात आले आणि विरोधी नेते माल्कम फ्रेझर पंतप्रधान झाले. लगेच सिनेटने तीच विधेयके मंजूर केली. प्रतिनिधिगृहाने ६४ विरुद्ध ५४ मतांनी फ्रेझर यांच्यावर अविश्वास व्यक्त केला. तो ठराव घेऊन निघालेल्या सभापतींना भेटीची वेळ मिळाली पावणेपाचची. तोवर संसदेच्या विसर्जनावर सही होऊन गेली होती.

तीन सबबी

राणीला यातले काही ठाऊक नव्हते, ही पहिली सबब. चार दशके राजवाड्याशी झालेला पत्रव्यवहार ‘खाजगी’ म्हणून दडवून ठेवला गेला. न्यायालयीन लढ्यानंतर जुलै २०२० मध्ये दोनशेहून अधिक पत्रे खुली झाली. बडतर्फीची आगाऊ वर्दी केर यांनी दिली नव्हती हे खरे. परंतु सरकार हटविण्याच्या राखीव अधिकारांची चर्चा राणीच्या सचिवाशी कित्येक आठवडे आधी चालू होती, हे त्याच पत्रांतून उघड झाले. कळू न देण्याची काळजी घेण्याइतके राजवाड्याचे हित जपले जात होते, एवढाच त्या अज्ञानाचा अर्थ.

जनतेने १३ डिसेंबरला कौल दिलाच ना, ही दुसरी सबब. फ्रेझर यांच्या आघाडीला १२७ पैकी ९१ जागा मिळाल्या, हे नाकारण्याचे कारण नाही. पण पंतप्रधानपदाची खुर्ची आधी बळकावून मग मतदारांपुढे जाणे याला समान सामना म्हणत नाहीत. शिवाय विजयाने कृत्य वैध ठरत नाही.

तिसरी सबब डाव्या शब्दांत बोलते : संसद थोतांडच असते, मग हळहळ कशाला? हा युक्तिवाद वरवर क्रांतिकारक, प्रत्यक्षात निष्क्रियतेचा आहे. संसद निव्वळ थोतांड असती तर ती मोडण्याचे कष्ट शासक वर्गाने घेतले नसते. त्या दिवशी बंदरांतील व जहाजांवरील कामगारांनी काम थांबविले. मात्र कामगार संघटनांच्या राष्ट्रीय नेतृत्वाने सार्वत्रिक संपाऐवजी एक दिवसाचा पगार निवडणूक निधीस देण्याचे आवाहन केले. सभागृहातील बहुमताला रस्त्यावरील संघटित शक्तीचा आधार नसला की ते एका सहीने उडते, हा तेथील धडा आहे.

आपला प्रश्न

भारताने मुकुट फेकून दिला, पण गव्हर्नरची खुर्ची ठेवली. ऑस्ट्रेलियाच्या सोळा वर्षे आधी, ३१ जुलै १९५९ रोजी, ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांचे केरळमधील बहुमताचे सरकार याच खुर्चीच्या अहवालावरून, कलम ३५६ खाली, बरखास्त झाले. कारणही तेच होते : जमीन आणि शिक्षण यांना हात घालणारे सरकार. १९९४ च्या बोम्मई निकालाने या मनमानीला बांध घातला. पण जून २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या राज्यपालांनी दिलेला बहुमतचाचणीचा आदेश असमर्थनीय होता, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी सांगितले तोवर सरकार बदलून दहा महिने लोटले होते.

ऑस्ट्रेलियात १९९९ च्या जनमतपृच्छेत प्रजासत्ताकाचा प्रस्ताव हरला, आणि केर यांनी वापरलेले अधिकार तेथे अबाधित आहेत. राजाच्या नावाने असोत वा राष्ट्रपतींच्या, लोकांनी न निवडलेल्या हाती सोपविलेले असे राखीव अधिकार कष्टकऱ्यांविरुद्धच राखून ठेवलेले असतात. ते रद्द करण्याची मागणी लोकशाहीवादी चळवळीच्या कार्यक्रमात अग्रभागी असली पाहिजे. आणि ती मिळवून देणारी ताकद कारखान्यांत, शेतांत व वस्त्यांत उभी राहिली पाहिजे.