आधी फुलोरा, मग पेटी

जमीन खराब झाली की शेतीला मधमाशीपालनाची जोड द्यावी, असे पुष्कळदा सुचविले जाते. सल्ला चांगला आहे, परंतु तो अर्धाच आहे. उरलेला अर्धा कॅरिबियन समुद्रातील व्हिएकेस बेटावरून शिकण्यासारखा आहे.

पोर्टो रिकोच्या पूर्वेस असलेल्या या बेटावर पूर्वी उसाची शेती होती. १९४१ पासून अमेरिकेच्या आरमाराने बेटाचा बहुतेक भाग ताब्यात घेतला, रहिवाशांना मधल्या पट्ट्यात हलविले आणि पुढे अनेक दशके पूर्वेकडील टोकावर बाँबफेकीचा सराव केला. लोकांच्या चळवळीनंतर १ मे २००३ रोजी आरमाराने तळ सोडला. या चळवळीत स्त्रियाही हिरिरीने उतरल्या होत्या. न फुटलेला दारूगोळा काढण्याचे काम मात्र अद्याप संपलेले नाही. त्यातच २० सप्टेंबर २०१७ रोजी मारिया चक्रीवादळाने झाडांची पानेफुले झोडपून नेली. अन्नधान्य बोटीने आणावे लागणाऱ्या त्या बेटाला घरच्या शेताचे मोल तेव्हा पुन्हा कळले.

तेथे ‘ला कोल्मेना सिमारोना’ हा गट स्त्रियांच्या पुढाकाराने शेती व मधमाशीपालन एकत्र करतो. कोल्मेना म्हणजे मधमाश्यांचे पोळे.

मधमाशी माती शुद्ध करीत नाही, हे येथे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. जमिनीतील शिसे अथवा दारूगोळा काढणे ही ज्याने बिघाड केला त्याची जबाबदारी होय. मधमाशी परागीभवन करते. त्यामुळे फळ धरते, बी भरते आणि उघड्या जमिनीवर झाडोरा पुन्हा वाढू लागतो. परंतु वादळात फुले गेली की वसाहती उपाशी राहतात. म्हणून सुरक्षित जमिनीत प्रथम कंपोस्ट व आच्छादन, नंतर निरनिराळ्या ऋतूंत फुलणारी झाडे व पिके आणि मग पेटी, हाच क्रम योग्य होय.

आपल्याकडेही पेट्या वाटणे सोपे असते. परंतु बांधावर काय लावावे हे ठरविण्याचा अधिकार जिला नाही, तिला पेटी देणे म्हणजे गाय दावणीला बांधून वैरणीच्या कोठीची किल्ली दुसऱ्याकडे ठेवणे होय. तेव्हा गावपातळीवरील कार्यकर्त्याने पेटी देण्यापूर्वी दोन प्रश्न अवश्य विचारावेत : शिवारात बारा महिने काय फुलते? आणि तेथे काय लावावयाचे, हे कोण ठरविते? दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात त्या घरातील स्त्रीचे नाव आले, तरच पेटी टिकेल.